कोयनेत त्या पहाटे तुटलेल्या दोन गोष्टी

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, कोयना धरणाच्या अगदी जवळ ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं दगावली, हजारो बेघर झाली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. धक्का मुंबई-पुण्यापासून गोव्यापर्यंत जाणवला. दख्खनचं पठार म्हणजे शांत, घट्ट भूभाग हा तोवरचा समज त्या पहाटे मोडला.

या भूकंपावर आजवर बरंच लिहिलं गेलं आहे, बहुतेक वेळा धरण आणि भूकंप यांच्या संबंधाबद्दल. इथे मी तो पदार्थ कसे तुटतात याचं एक प्रकरण म्हणून मांडतो आहे. त्या पहाटे दोन वेगळ्या गोष्टी तुटल्या. जमिनीखाली काही किलोमीटरवर कातळ तुटला आणि जमिनीवर धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या. एक निसर्गाने घडवलेली, दुसरी माणसाने ओतलेली. दोन्हींच्या बाबतीत अभियंत्याचा पहिला प्रश्न सारखाच असतो: याची ताकद किती? माझं म्हणणं असं की कोयनेत हा प्रश्न दोन्हीकडे अपुरा पडला, आणि का अपुरा पडला हे समजायला गुंतागुंतीच्या प्रणालींचं, म्हणजे एकमेकांवर परिणाम करणारे पुष्कळ भाग मिळून कसे वागतात याचं शास्त्र, आज ज्याला कॉम्प्लेक्सिटी सायन्स म्हणतात ते, लागतं.

भिंत

कोयनेची भिंत रबल काँक्रीटची, म्हणजे मोठे दगड घालून ओतलेल्या काँक्रीटची आहे. पाण्याचा रेटा ती स्वतःच्या वजनाने पेलते. उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरच्या थोडी पुढे. पायथ्याशी जाडी ७० मीटर, माथ्याशी पंधरा मीटरही नाही. पाण्याकडची बाजू जवळपास उभी. मागच्या बाजूचा उतार मात्र पायापासून साधारण ६६ मीटरवर अचानक बदलतो. तिथून वर भिंत बारीक होऊन जवळजवळ सरळ चढते. भूकंपाचा आडवा जोर संकल्पनात गुरुत्वत्वरणाच्या ०.०५ पट धरला होता. धरणात बसवलेल्या यंत्राने त्या पहाटे धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ पट आणि प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट त्वरण नोंदवलं.

सांडव्याचा भाग शाबूत राहिला. सांडव्याबाहेरच्या उंच ठोकळ्यांवर आडव्या भेगा पडल्या, त्याही पुढून आणि मागून, मागचा उतार जिथे बदलतो त्याच सुमाराला. काही ठिकाणी पाणी झिरपू लागलं. बर्कलीतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये या भिंतीचं गणित प्रसिद्ध केलं. नोंदवलेला हादरा भिंतीला दिला तर ताण नेमका उतार बदलतो त्या बारीक मानेपाशी साचतो आणि काँक्रीट जेवढा सोसू शकेल त्याच्या बराच वर जातो, असं त्यातून दिसलं. भेगा कुठे पडल्या याचं उत्तर चोख मिळालं.

पण त्याच हिशेबाने भिंतीचा वरचा भाग ढासळायला हवा होता. ताण ताकदीच्या वर गेला की पदार्थ तुटतो, एवढंच त्या गणिताला माहीत असतं. प्रत्यक्षात जलाशयात पाणी चढलेलं असताना माथा जागेवर राहिला. पुढे भेगांमध्ये इपॉक्सी भरलं गेलं, ताणलेल्या केबलनी वरचा भाग खाली बांधला गेला, आणि नंतर मागच्या बाजूने आधारभिंती चढवून ते ठोकळे भक्कम केले गेले.

माथा का टिकला, हे पाहायला तुटण्याच्या क्रियेत शिरावं लागतं. १९२१ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून दाखवलं होतं की पदार्थ त्याच्यातल्या आधीच्या बारीक भेगांमुळे कमजोर असतो, आणि भेग पुढे सरकायला नवा पृष्ठभाग तयार करण्याइतकी ऊर्जा मिळावी लागते. काचेत एकदा मोठी भेग सुटली की तिला अडवणारं कोणी नसतं. काँक्रीटमध्ये असतं. भेगेचं टोक सिमेंटमधून जाता जाता खडीच्या तुकड्याला धडकतं, त्याला वळसा घालतं, कधी दोन फाटे फुटतात, कधी एखादा दगड भेगेच्या दोन्ही काठांना धरून मागे राहतो आणि भेग उघडू देत नाही. टोकाच्या पुढे शेकडो सूक्ष्म तडे एकाच वेळी उमटत असतात. हे सगळं ऊर्जा खातं. खडी आणि सिमेंटमधली विषमता एकीकडे तडे सुरू करते आणि दुसरीकडे त्यांना थोपवते. ही दोन कामं वेगळी करता येत नाहीत.

म्हणूनच काँक्रीटची ताकद एका आकड्यात मावत नाही. साइटवर आपण १५ सेंटिमीटरचा क्यूब दाबून फोडतो आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहितो. भेगेच्या टोकापुढचा तड्यांनी भरलेला पट्टा किती रुंद असेल हे खडीच्या आकारावर ठरतं. छोट्या नमुन्यात तो पट्टा सगळा नमुना व्यापतो, शंभर मीटरच्या भिंतीत तो एक कोपरा असतो. त्यामुळे तेच मिश्रण मोठ्या बांधकामात जास्त ठिसूळ वागतं. स्वीडनमध्ये हिलरबोर्ग यांनी १९७६ मध्ये भेगेच्या टोकाचा हा पट्टा गणितात आणला आणि १९८४ मध्ये अमेरिकेत बाझांत यांनी आकारानुसार ताकद कशी घटते याचा नियम मांडला. या पद्धती धरणांना लावून पाहायच्या तर खरं मोडलेलं धरण हवं, हादऱ्याची खरी नोंद हवी, भेगांच्या जागा माहीत हव्यात. हे तिन्ही एकत्र कोयनेतच होतं. म्हणून आजही काँक्रीटच्या भेगांचं नवं गणित लिहिणारा चीनमधला किंवा इराणमधला संशोधक आधी ते कोयनेच्या आडव्या छेदावर चालवून बघतो. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते, याचं मला वाईट वाटतं.

शंभर धाग्यांचा दोर

कातळाकडे जाण्याआधी एक छोटं गणित करू. हे गणित या विषयाच्या मुळाशी आहे आणि वही-पेन्सिल घेऊन कुणालाही करता येतं. सुती धाग्यांची मजबुती तपासताना पीअर्स यांनी १९२६ मध्ये त्याचा पाया घातला, १९४५ मध्ये डॅनियल्स यांनी त्याला काटेकोर रूप दिलं.

शंभर धाग्यांचा एक दोर घ्या. पहिला धागा १ किलो पेलतो, दुसरा २, असं करत शंभरावा १०० किलो. एकूण बेरीज ५०५०. दोराला ओझं टांगलं की ते शाबूत धाग्यांमध्ये सारखं वाटलं जातं, आणि एक तुटला की त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो. नियम एवढाच.

१००० किलो टांगले तर ११ धागे तुटतात आणि उरलेले ८९ ओझं धरून ठेवतात. २००० किलोला तुटलेल्यांची संख्या २७ होते, २५०० ला ४३. मग आणखी फक्त ५० किलो वाढवले की ६ धागे जातात, आणि २५५० किलोला ५१ धागे प्रत्येकी बरोबर ५० किलो पेलत उभे असतात. आता एकच किलो टाका. पन्नासावा धागा तुटतो, उरलेल्या पन्नासांवर प्रत्येकी ५१ किलोपेक्षा किंचित जास्त येतं, म्हणून एक्कावन्नावा तुटतो, त्याच्यामागे बावन्नावा, आणि दोर पूर्ण जातो. १०० किलो पेलणारा धागासुद्धा वाचत नाही.

यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. दोराची ताकद धाग्यांच्या ताकदीच्या बेरजेच्या निम्मी निघाली. ती कुठल्याही एका धाग्यात नव्हती, वाटपाच्या रीतीत होती. शेवटच्या एका किलोचा आणि त्याने केलेल्या नाशाचा आकाराने काही संबंध नाही. आणि तिसरी गोष्ट कोयनेसाठी सगळ्यांत कामाची: हाच दोर २००० किलोपर्यंत ताणून मोकळा सोडला आणि पुन्हा ताणला, तर २००० येईपर्यंत एकही धागा तुटत नाही. कमजोर धागे आधीच गेलेले असतात. पदार्थाला आपला आधीचा सर्वांत मोठा भार लक्षात राहतो. धातू ताणताना येणारे सूक्ष्म आवाज ऐकून जर्मनीत योसेफ काइझर यांनी १९५० मध्ये हाच परिणाम नोंदवला होता.

धाग्यांची ताकद अशी ओळीने न लावता चिठ्ठ्या टाकून ठरवली, तर ओझं वाढवत जाताना धागे झुबक्यांनी तुटतात. बारीक झुबके पुष्कळ, मोठे थोडे, आणि त्यांची संख्या आकाराच्या ठरावीक घाताने उतरत जाते. हेमर आणि हान्सेन यांनी १९९२ मध्ये तो घात अडीच असल्याचं दाखवलं. श्रुतर्षी प्रधान यांनी या दोघांसोबत २००५ मध्ये पुढची गोष्ट दाखवली: दोर तुटायला आला की अडीचचा घात दीडवर येतो, म्हणजे मोठ्या झुबक्यांचं प्रमाण वाढतं. प्रधान यांचं आधीचं काम कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये बिकास चक्रबर्ती यांच्याकडे झालं होतं. तुटण्याच्या सांख्यिकीचं भारतातलं मोठं केंद्र तेच.

कातळ

कोयनेचं पाणी अडवायला १९६१-६२ मध्ये सुरुवात झाली आणि लगोलग बारीक धक्के जाणवू लागले. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये पाच रिश्टरच्या वरचा धक्का बसला, आणि डिसेंबरात मोठा. तेव्हापासून धक्के थांबलेले नाहीत. साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद पट्ट्यात, बहुतेक १० किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर, पहिल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत पाच रिश्टरच्या वरचे २२ भूकंप झाले, चारच्या वरचे सुमारे २००, आणि तीनच्या वरचे काही हजार.

या आकड्यांपाशी थोडं थांबा. २०० भागिले २२ म्हणजे नऊ. एक रिश्टर वर गेलं की संख्या नवव्या-दहाव्या हिश्शावर येते. हेच गुणोत्तर पुढे नेलं तर सहाच्या वरचे दोनेक भूकंप निघतात. प्रत्यक्षात झाला एक. जगभरच्या भूकंपांना लागू पडणारा गुटेनबर्ग-रिश्टर नियम तो हाच, आणि कोयनेच्या छोट्याशा पट्ट्यातही तो उतरतो. प्रयोगशाळेत ग्रॅनाइटचा तळहाताएवढा तुकडा दाबताना आत होणाऱ्या सूक्ष्म तड्यांचे आवाज मोजले तर तिथेही असाच उतार मिळतो. १९६७ ची तुटण ही वेगळ्या जातीची घटना नव्हती. बारीक धक्क्यांच्याच कुळातली ती सर्वांत मोठी होती.

यामुळे एक जुना वाद मला दोन्ही बाजूंनी चुकीचा वाटतो. ‘भूकंप धरणामुळे झाला’ आणि ‘धरणाचा भूकंपाशी संबंध नाही’ ही दोन्ही वाक्यं एकच कारण शोधतात. हिशेब करून बघा. शंभर मीटर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला १० किलो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या कातळाचा दाब तेराशेच्या पुढे. पाण्याचा वाटा शंभरात एक इतकाही नाही. एवढ्याने अखंड, निवांत कातळ तुटत नाही. पण तिथला कातळ निवांत नव्हताच. त्यात उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैऋत्येकडे जाणारा जवळपास उभा भ्रंश, म्हणजे कातळ तुटून सरकण्याची जुनी फट, आहे आणि भूपट्टाच्या रेट्याने तो आधीच तुटण्याच्या काठावर आला होता. पाणी फटींमधून खाली उतरलं, फटींमधला दाब वाढला, भ्रंशाच्या दोन बाजूंची एकमेकींवरची पकड सैल झाली. दोराच्या भाषेत, २५५० किलो आधीच टांगलेले होते. धरणाने ते टांगले नाहीत. पण पुढचा किलो कुणी टाकला या प्रश्नातून धरण सुटतही नाही.

पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून कोयनेचे धक्के पावसाळ्याशी बांधलेले दिसतात. जलाशय भराभर चढला की सप्टेंबरच्या सुमारास त्यांची संख्या वाढते, आणि पाणी उतरू लागल्यावर डिसेंबर-जानेवारीकडे पुन्हा एकदा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं या नोंदी लावून पाहिल्या. पातळी किती वेगाने चढली, किती काळ वर राहिली, आणि आधीच्या सर्वोच्च पातळीच्या पलीकडे गेली का, या गोष्टींशी पाचच्या वरचे भूकंप जोडलेले त्यांना दिसले. यातली शेवटची गोष्ट म्हणजे दोराची तीच आठवण. १९८५ पासून दक्षिणेला वारणा धरण भरू लागलं आणि १९९३ पासून मोठे धक्के त्या बाजूलाही बसू लागले. पहिल्यांदाच नवा भार पाहणारे धागे तिथे शिल्लक होते.

दोर आणि कातळ एकसारखे नाहीत, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. दोरात तुटलेला धागा गेला तो गेला. भ्रंश पुन्हा पकड घेतो, आणि भूपट्टाचा रेटा त्याला वर्षानुवर्षं परत ताणत राहतो. शिवाय कातळात एका जागेचा भार सगळ्यांमध्ये सारखा वाटला जात नाही, शेजाऱ्यांवर जास्त येतो. १९६७ मध्येच, कोयनेशी काहीही संबंध नसताना, अमेरिकेत बरिज आणि नॉपॉफ यांनी स्प्रिंगने जोडलेल्या ठोकळ्यांची साखळी घर्षणाच्या पृष्ठभागावर ओढून भ्रंशाचं प्रतिरूप मांडलं, त्यात या शेजारसंबंधांची सोय होती. वीस वर्षांनी पेर बाक आणि त्यांचे सहकारी तांग व विसेनफेल्ड यांनी असं मांडलं की हळूहळू भार चढणाऱ्या कित्येक प्रणाली आपोआप काठावर येऊन थांबतात. कोयनेला ही कल्पना मोहक रीतीने बसते. तरी तिचा अर्थ ताणून कुठलाच भूकंप कधीच ओळखता येणार नाही असा काढला गेला, तो मला पटत नाही. दोरसुद्धा शेवटाकडे जाताना आपली चाल बदलतो, हे आपण पाहिलंच.

विषमता कशी ओळखली

या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा धागा जपानमधून येतो. कियू मोगी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत कमी-जास्त विषम नमुने मोडून पाहिले. एकजिनसी नमुना गुपचूप भार घेतो, एकदम तुटतो आणि मग मागाहून बारीक तडे जातात. थोडा विषम असेल तर मोठ्या तुटण्याआधीही तडे वाजू लागतात. फारच विषम असेल तर मोठी तुटण होतच नाही, नुसती बारीक तड्यांची गर्दी होते. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास कोयना आणि जगातल्या तशाच इतर जलाशयांच्या भूकंपमालिका या चौकटीत घालून पाहिल्या. त्याच भागांतले नेहमीचे भूकंप पहिल्या प्रकारचे, जलाशयाजवळचे दुसऱ्या प्रकारचे. आधी बारीक धक्क्यांची लांबलचक मालिका, मग मुख्य धक्का, मग रेंगाळत राहणारे उत्तरधक्के.

याचा अर्थ असा की पाणी कातळावर नुसता भार टाकत नाही, त्याची जडणघडणही बदलतं. काही फटींत दाब चढतो, शेजारच्या कोरड्या राहतात, आणि पूर्वी जिथे कातळ बऱ्यापैकी सारखा होता तिथे कच्च्या-पक्क्या जागांचं जाळं तयार होतं. भिंतीतल्या खडीने जे केलं तेच इथे पाणी करतं: तुटण लवकर सुरू करतं आणि तिचे तुकडेही पाडतं. त्या पट्ट्यातले अजून न थांबलेले धक्के असे हप्त्याहप्त्याने बाहेर येतात. तिथल्या माणसांना दर वर्षी भांडी वाजलेली ऐकावी लागतात, त्याचं कारण यात आहे.

पूर्वसूचनेचं काय? ख्रिस्तोफर शोल्झ यांनी १९६८ मध्ये दाखवलं की दाबाखालचा खडक तुटायला आला की बारीक तड्यांच्या तुलनेत मोठ्यांचं प्रमाण वाढतं. अडीचवरून दीडवर येणाऱ्या घाताचा हा खडकातला भाऊबंद. कोयनेत मात्र १९६७ च्या आधीच्या धक्क्यांमध्ये बारकांचंच प्रमाण जास्त होतं, उत्तरधक्क्यांपेक्षाही. मोगींच्या दुसऱ्या प्रकाराशी ते जुळतं, पण एका सूत्रावर विसंबून गावोगाव इशारे देता येणार नाहीत हेही त्यातून कळतं. २००५ नंतरच्या वर्षांत गुप्ता यांच्या गटाने कोयनेत चार रिश्टरच्या आसपासच्या काही भूकंपांचे अंदाज आधी नोंदवून ठेवले आणि त्यांतले काही खरे ठरले. घर पाडणाऱ्या भूकंपासाठी अशी सोय नाही. दर मोठ्या पावसानंतर मोबाइलवर फिरणाऱ्या ‘अमुक तारखेला कोयना हादरणार’ अशा निरोपांना या शास्त्रात कसलाही आधार नाही. आधार आहे तो वारंवारितेच्या हिशेबाला: किती वर्षांत किती मोठा धक्का अपेक्षित धरायचा, आणि पाटण-चिपळूणच्या बाजूला शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी त्यासाठी कशी बांधायची.

खाली उतरून

पन्नास वर्षं सगळं मोजमाप जमिनीवरून झालं. तुटण होते काही किलोमीटर खाली, आणि तिचा आवाज बेसॉल्टच्या थरांमधून वर येईपर्यंत पुसट होतो. २०११ मध्ये हैदराबादला आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची बैठक झाली आणि कोयनेत खोल वेधन, म्हणजे ड्रिलिंग, करायचं ठरलं. आधी दीड किलोमीटरपर्यंतची अनेक वेधनविवरं घेतली गेली. बेसॉल्टची जाडी काही ठिकाणी पाचशे मीटरहून कमी, तर काही ठिकाणी सव्वा किलोमीटर निघाली. त्याखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने कठीण खडक. मध्ये गाळाच्या खडकांचा थर असेल असा काहींचा कयास होता, तो मिळाला नाही. २०१७ मध्ये गोठणे इथलं ३ किलोमीटरचं विवर पूर्ण झालं. हे काम कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीकडे आहे, जी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येते.

विवरांमधून भूकंपमापक थेट ग्रॅनाइटमध्ये सोडले गेले. वरच्या वाहतुकीचा, वाऱ्या-पावसाचा गोंगाट तिथे पोचत नाही, म्हणून जमिनीवरच्या यंत्रांना ऐकू न येणारे बारीक तडेही नोंदवता येतात. नऊ-दहाच्या गुणोत्तराने, नोंदीची मर्यादा एक रिश्टर खाली आली की हाती येणारे धक्के दहापट होतात. काही हजार धक्क्यांवरून पन्नास वर्षांचं एक सरासरी गुणोत्तर काढता येत होतं; दहापट धक्के असले की तेच गुणोत्तर एका पावसाळ्यापुरतं, भ्रंशाच्या एकेका तुकड्यासाठी वेगळं काढता येतं, आणि शिवसागराची, म्हणजे कोयनेच्या जलाशयाची, पातळी आठवड्याला किती चढली या तक्त्याशेजारी ठेवून पाहता येतं.